संक्रांतीचा घरमेळा : काळी चंद्रकळा, काटेरी हलवा आणि धारवाडची थंडी

जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडतो तोवर घरातली धामधूम संपलेली असते. दिवाळीचा फराळ कधीच उडालेला, नाताळच्या सुट्टीत आलेली पुण्या-बंगळूरची मंडळी आपापल्या कामाला लागलेली, मुलांच्या शाळा सुरू आणि वार्षिक परीक्षा दारात. पाश्चात्त्य देशांत या दिवसांतली मरगळ घालवायला एक तोडगा रूढ झाला आहे. सुट्ट्या संपल्या की घरच्या माणसांसाठी एखादा विषय ठरवून पार्टी करायची. रंग एकच, कपडे त्या रंगाचे, खाणं विषयाला साजेसं आणि निघताना पाहुण्याच्या हातात छोटीशी भेट. आपल्याकडेही हौशी घरांत निळे फुगे आणि कापसाचा बर्फ दिसू लागला आहे.

हुबळी-धारवाडच्या मराठी घराला हे नवीन वाटायचं कारण नाही. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत असा सोहळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि त्याचे नियम कुठल्याही पार्टीपेक्षा कडक आहेत. रंग काळा. दागिने साखरेचे. लहान मुलाला बोरांची अंघोळ. जेवायला बाजरी, तीळ आणि गूळ. जाताना वाण. हे कुणी बसून ठरवलेलं नाही. थंडीने, कोरड्या हवेने आणि शेतातल्या पिकाने ते ठरवून दिलं, म्हणून ते अजून शिळं झालेलं नाही. आज हा सोहळा घरी घालायचा तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवायलाही तीच कसोटी पुरते. ऋतूतून आलेलं ठेवावं. माणसामाणसांत पंक्तिभेद करायला आलेलं खुशाल सोडावं.

दोन भाषांचं आमंत्रण

धारवाड समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेच्या उतारावर आहे. पश्चिमेला घाटाचं रान, पूर्वेला नवलगुंदकडची काळी जमीन. वीसेक किलोमीटरवरचं हुबळी थोडं खाली आणि थोडं उबदार. हा मुलूख १९५६च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे इथल्या कित्येक घरांत हिशेब मराठीत आणि भांडण कन्नडमध्ये अशी विभागणी अजून चालते. कन्नडचे थोर कवी द. रा. बेंद्रे धारवाडचे, त्यांची मातृभाषा मराठी. मराठी कथेत स्वतंत्र जग उभं करणारे जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत. अशा गावात संक्रांतीला बोलवायच्या माणसांची यादी एका भाषेची राहूच शकत नाही. शेजारच्या अक्का, खालच्या मजल्यावरची गदगची मंडळी, ऑफिसातले सहकारी, सगळे त्यात येतात.

सुदैवाने या सणात दोन्हीकडचे रिवाज एकमेकांच्या गळ्यात गळा घालूनच उभे आहेत. मराठी घर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणतं, कन्नड घर ‘एळ्ळु-बेल्ल’ हातावर ठेवतं. मराठी घरातला हलवा कन्नड घरात ‘कुसुरेळ्ळु’ असतो. जुन्या म्हैसूर भागात तीळ, गूळ, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि डाळं यांचं मिश्रण वाटतात, सोबत साच्यात पाडलेली साखरेची चित्रं देतात. धारवाडकडे मान काटेरी साखरतिळाचा. कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, हा यजमानाचा मोठाच फायदा.

तारीख कशी धरावी

संक्रांत सूर्यावर चालते आणि रथसप्तमी चंद्रावर. सूर्य निरयन मकर राशीत शिरला की संक्रांत. ती १४ जानेवारीच्या आसपास येते, कधी कधी १५ला जाते. माघ शुद्ध सप्तमी मात्र तिथीची, म्हणून ती दर वर्षी मागे-पुढे होते. २०२४ साली संक्रांत १५ जानेवारीला होती आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला. म्हणजे महिनाभराची सवड मिळाली. २०२५ साली रथसप्तमी ४ फेब्रुवारीला आली, २०२६ साली थेट २५ जानेवारीला. त्या वर्षी जेमतेम अकरा दिवस हातात होते. चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकराएक दिवसांनी लहान, म्हणून तिथी दर वर्षी अलीकडे सरकते आणि अधिक महिना पडला की एकदम पुढे उडी मारते. २०२६ साली ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे २०२७ची रथसप्तमी पुन्हा फेब्रुवारीच्या मध्यावर जाते.

खुद्द संक्रांतही स्थिर नाही. नक्षत्रांच्या संदर्भात मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं असतं. ही मिनिटं साचत साचत साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एका दिवसाने पुढे ढकलतात. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी. म्हणून ‘आजपासून दिवस मोठा व्हायला लागतो’ हे वाक्य पाहुण्यांसमोर टाकताना जरा जपून. दिवस २२ डिसेंबरच्या सुमारासच मोठा व्हायला लागलेला असतो, आपण तो तीन आठवड्यांनी साजरा करतो.

व्यवहाराचं सांगायचं तर संक्रांतीचा दिवस घरातल्या पूजेला आणि सुगडाला राहू द्यावा. दुसरा दिवस करीचा, तो ज्येष्ठांना शुभकार्याला चालत नाही. बाहेरगावच्या मुलांना रविवार लागतो. प्रजासत्ताक दिनाला लागून शनिवार-रविवार आला तर त्याहून चांगली तारीख नाही. २०२३च्या जूनपासून बंगळूर-धारवाड वंदे भारत धावते, तेव्हा ‘जमणार नाही’ ही सबबही थोडी दुबळी झाली आहे.

काळा रंग आणि चंद्रकळा

एरवी मंगलप्रसंगी काळं वर्ज्य. संक्रांतीला ते मुद्दाम नेसायचं. कारण विचारलं की उत्तर तयार असतं : काळा रंग उष्णता शोषतो, थंडीत ऊब देतो. हे अर्धं खरं आहे. सकाळच्या उन्हात काळं कापड पांढऱ्यापेक्षा नक्कीच जास्त तापतं. पण ती ऊब अंगापर्यंत किती पोचते, हे कापड किती सैल, किती जाड, वारा किती, यावर ठरतं. वाळवंटातले बेदुइन लोक भर उन्हात काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला होता. काळा झगा जास्त तापतो, पण त्याच्या आत वारा खेळत असल्याने ती जादा उष्णता अंगाला लागण्याआधीच निघून जाते, असं त्यात दिसलं होतं. शिवाय आपलं हळदीकुंकू संध्याकाळी. सूर्य मावळल्यावर काळी साडी आणि पांढरी साडी सारख्याच उबेच्या.

मग काळा रंग सोडून द्यावा का? मुळीच नाही. संक्रांतीचे दागिने पांढऱ्याशुभ्र हलव्याचे असतात. ते खुलतात काळ्यावरच. लाल किंवा पिवळ्या साडीवर हलव्याची तन्मणी घालून पाहा, चार हातांवरून ती दिसतही नाही.

धारवाडच्या यजमानिणीकडे या बाबतीत एक हुकमाचं पान आहे. महाराष्ट्रात संक्रांतीला चंद्रकळा नेसतात. उत्तर कर्नाटकात नववधूच्या रुखवतात काळ्या रेशमाची ‘चंद्रकाळी’ साडी असे आणि तिच्यावर कसूतीचं भरतकाम. कसूती ही धारवाड भागाची खास कला, आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. तिची गंमत जवळून पाहावी अशी. कापडावर नक्षी आधी छापत नाहीत. ताण्याबाण्याचे धागे मोजायचे आणि सुई घालायची. गवंती टाक्यात जाताना एक घर भरायचं, एक रिकामं सोडायचं. परतताना सोडलेली घरं भरत यायचं. गाठ कुठेच मारायची नाही. त्यामुळे काम झाल्यावर कापडाची उलटी बाजू सुलटीसारखीच दिसते. मुरगी टाका जिन्याच्या पायऱ्यांसारखा वळत जातो, नेयगी विणल्यासारखा दिसतो आणि हेंती म्हणजे फुलीचा टाका. यातूनच गोपुरं, रथ, पालख्या, तुळशीवृंदावनं उभी राहतात. काळ्या कापडावर धागे मोजणं डोळ्यांची परीक्षाच असते. म्हणून हल्ली वर जाळीचं कापड टाचून त्याच्या घरांवर भरतात आणि शेवटी त्या जाळीचे धागे एकेक करून ओढून काढतात.

पाहुण्यांना ‘काळं नेसून या’ एवढंच कळवावं. ज्याच्याकडे जे असेल ते : इरकल, कॉटन, काळा कुर्ता, मुलांचा काळा टीशर्ट. आजीच्या कपाटातली कसूतीची साडी मात्र त्या दिवशी आवर्जून बाहेर काढावी आणि तिची उलटी बाजू सगळ्यांना दाखवावी.

हलव्याला काटे कसे येतात

या सगळ्या सोहळ्यातलं खरं विज्ञान परातीत आहे.

हलवा करायला साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही. पाव वाटी तीळ, वाटीभर साखर, अर्धी वाटी पाणी. साखर-पाणी उकळताना चमचाभर दूध घातलं की मळी वर येते, ती काढून पाक गाळून घ्यायचा. पाक बोटांत धरला तर जेमतेम तार सुटावी, त्याहून घट्ट नको. जाड बुडाच्या परातीत तीळ घ्यायचे, खाली अगदी मंद आच. पूर्वी शेगडीत राखेखालचे निखारे असत, आता गॅसवर तवा आणि तव्यावर परात. तीळ कोमट झाले की चहाच्या चमच्याने थोडा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ हलवत राहायचं. पाक सुकला, तीळ मोकळे झाले, की पुढचा चमचा.

पहिला तासभर काही घडत नाही. तीळ नुसते पिठूळ, मळकट पांढरे दिसतात आणि नवशिक्याचा धीर सुटतो. मग दाणे टपोरे होऊ लागतात. चमच्यामागून चमचे पडत राहतात, काम दुसऱ्या दिवशीवर जातं, आणि केव्हातरी बोटांना खरखर लागते. काटा धरला! आता हात आणखी हलका हवा. जोरात चोळलं तर काटे मोडतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. पाक एकदम जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. पाक पातळ असला तर आधी आलेले काटेही विरघळून दाणा गुळगुळीत होतो.

काटे येतात ते असे. पाकात विरघळलेल्या साखरेला पाणी उडून गेल्यावर कुठेतरी बसावं लागतं, आणि आधी बसलेल्या स्फटिकावर बसणं तिला सर्वांत सोपं. दाणा कधीच अगदी गोल नसतो, कुठेतरी बारीकसा उंचवटा असतोच. परातीत लोळताना तो उंचवटा तापलेल्या बुडाला आणि ओल्या पाकाला आधी भिडतो. तिथे पाक आधी लागतो, आधी सुकतो, साखरेचा थर तिथेच चढतो. उंचवटा आणखी उंच होतो आणि पुढच्या चमच्याला पुन्हा तोच पुढे. खोलगट भाग मागेच राहतात. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच आणखी जातं, या न्यायाने काटा वाढतो.

हे सगळं व्हायला प्रत्येक थर झटपट सुकायला हवा, म्हणजे हवा कोरडी हवी. पावसाळ्यात साखर हवेतला ओलावा ओढून घेते, थर चिकट राहतो आणि काटा धरतच नाही. डिसेंबर-जानेवारीत धारवाडची हवा कोरडी आणि रात्र थंड. हलवा संक्रांतीचाच का, याचं उत्तर या हवेत आहे.

हा अनुभव एकट्या आपल्या आज्यांचा नाही. जपानमध्ये ‘कोंपेइतो’ नावाची हुबेहूब हलव्यासारखी काटेरी साखरगोळी मिळते. तिचं नाव आणि मूळ पोर्तुगीज. १५६९ साली लुईस फ्रॉइस या जेझुइट धर्मगुरूने ओदा नोबुनागा या सरदाराला काचेच्या बरणीत ही मिठाई भेट दिली होती. पुढे ती जपान्यांनी स्वतः कशी करायची याचा शोध घेतला. इहारा साइकाकू या लेखकाच्या १६८८ सालच्या पुस्तकात त्याची कथा येते, आणि त्या कथेत गोळीच्या पोटात आहे तीळ! आज तिथे तिरप्या फिरत्या कढईत पाक शिंपत ती करतात आणि एका घाण्याला दोनेक आठवडे लागतात. तोराहिको तेरादा या जपानी पदार्थवैज्ञानिकाला या काट्यांनी इतकं झपाटलं की त्याने त्यावर निबंधच लिहिला. सगळीकडून सारखीच साखर चढत असताना गोळी गोल का राहत नाही, हा त्याचा प्रश्न होता. परातीपुढे बसलेल्या कुठल्याही मराठी बाईला तो नीट समजला असता.

पुरेसा हलवा घरी करायचा तर आठवडा जातो, म्हणून दागिन्यांपुरता विकत आणावा आणि मूठभर हौसेने घरी करावा. परात संध्याकाळी बैठकीच्या खोलीतच मांडावी. येणारा प्रत्येक जण दहा मिनिटं बोटं फिरवून जातो आणि मुलांना हलवणं सोडवत नाही. फक्त आच आणि पाक मोठ्यांच्या हाती ठेवावा.

दागिन्यांसाठी हलवा सुईदोऱ्याने ओवतात किंवा पुठ्ठ्यावर जरीच्या कडेने बसवतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, आणि जावयाला हार नि हलव्याने मढवलेला नारळ. बाळाला मुकुट आणि बासरी. हे दागिने मुंग्यांपासून आणि दमटपणापासून जपायचे. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तर रथसप्तमीपर्यंत सहज टिकतात.

बोरन्हाण : मुलांचा हक्काचा गोंधळ

पाच वर्षांखालच्या मुलाला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या, बत्तासे ओतायचे. जमलेली पोरं ते लुटतात. कन्नड घरांतही लहानग्यांवर बोरं-चुरमुरे ओततात आणि तेलुगू मुलखात भोगीच्या संध्याकाळी हाच प्रकार ‘भोगी पळ्ळु’ म्हणून होतो. पिकाने सगळीकडे सारखंच सुचवलं, इतकंच.

यात ज्या वस्तू ओततात त्या सगळ्या त्या महिन्यातल्या बाजाराच्या आहेत. बोरं, ऊस, ओला हरभरा हे जानेवारीत रस्तोरस्ती ढिगाने येतात. हुबळीत दुर्गदबैल आणि जनता बाजार, धारवाडात सुभाष रोडच्या आसपास एका फेरीत सारं मिळतं. मूल नव्या ऋतूच्या फळांना पहिल्यांदा शिवतं, ओळखतं आणि आपल्या हाताने वेचून खातं, हा त्यातला व्यवहार.

आजच्या यजमानाने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अख्खे शेंगदाणे, टणक गोळ्या आणि बिया चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. म्हणून अगदी लहानग्याच्या डोक्यावर फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओताव्यात, बोरं नि रेवड्या मोठ्या मुलांच्या वाट्याला ठेवाव्यात. आणि हात आखडता घेऊन, अलगद ओतावं. बोर उंचावरून टाळूवर पडलं की उत्सवमूर्ती भोकाड पसरते आणि फोटो तेवढाच निघतो. खाली नवलगुंदचं जमखान अंथरलं तर वेचणं सोपं. या जाड सुती सतरंज्या हुबळीपासून तासाभराच्या वाटेवर विणल्या जातात आणि त्यांनाही भौगोलिक मानांकन आहे.

पानात काय

भोगीच्या पानाचा नियम सोपा : थंडीत जे पिकलं ते एका भांड्यात. वांगं, गाजर, पावटा, घेवडा, ओला हरभरा, शेंगदाणे आणि तिळाचं कूट यांची भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी. धारवाडात भाकरीची सज्जी रोट्टी होते. कागदासारखी पातळ थापून, भाजून, वाळवलेली खडक रोट्टी महिनाभर राहते, म्हणून ती चार दिवस आधी करून ठेवता येते. वीस माणसांच्या घरमेळ्यात गरम भाकऱ्या थापत बसणारी बाई पार्टीला मुकते, रोट्टीने तिची सुटका होते. तिच्यासोबत येण्णगाय म्हणजे तेलावरचं भरलं वांगं, कारळ्याची आणि शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि ब्याडगी मिरचीचा लाल ठेचा.

गोडाला मराठी घरात गुळपोळी, कन्नड घरात शेंगा होळिगे आणि एळ्ळु होळिगे. तंत्र एकच. सारणात पाणी जवळजवळ नसतं : किसलेला गूळ, भाजलेले तीळ किंवा शेंगदाण्याचं कूट, थोडं बेसन, वेलदोडा. तव्यावर गूळ आतल्या आत मऊ होतो, निवला की पुन्हा घट्ट बसतो आणि पोळी खुसखुशीत होते. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी आंबायला लागते, पण ही आठवडाभर सहज टिकते, कारण बुरशीला लागणारं पाणीच तिच्यात नाही. परत निघालेल्या मुलांच्या डब्यात म्हणूनच शेंगापोळी जाते. गूळ कोल्हापूरचा चालतो, महालिंगपूरचा जवळचा. लाडवाला मात्र चिक्कीचा गूळ वेगळा मागावा.

तिळाबद्दल एवढंच सांगावं : दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणून थोडक्यात पोट भरतं आणि थंडीत कोरडं पडणारं अंग या दिवसांत तेलकटाला हपापलेलं असतंच. तिळाची अॅलर्जी काही मुलांना असते, ती आमंत्रणाच्या वेळीच विचारून घ्यावी. मधुमेही काकांसाठी वेगळं गोड करण्याची गरज नाही. रोट्टी-भाजीचं पान भरपूर वाढावं आणि पोळीचा चतकोर द्यावा.

जेवणाआधीच्या गप्पांना हुबळी-धारवाडचं उत्तर ठरलेलं आहे : गिरमिट. चुरमुऱ्यात चिंच-गुळाचा कांदा-मसाला, वर डाळ्याचं पीठ, कोथिंबीर, आणि शेजारी गरम मिरची भजी. बोरन्हाणासाठी चुरमुरे पोत्याने आणलेलेच असतात, त्यातले गिरमिटापुरते आधीच बाजूला काढावेत. जमखानावर सांडलेल्यांचं गिरमिट करू नये, एवढी सूचना मात्र करून ठेवावी!

वाण आणि माणसं

हळदीकुंकवाची खरी अडचण इथे येते. परंपरेने ते सवाशिणींचं. घरातली विधवा आत्या, अविवाहित मावशी, घटस्फोटित मैत्रीण दाराआड किंवा स्वयंपाकघरात. ऋतूच्या कसोटीवर हा नियम कुठेच बसत नाही. थंडी सगळ्यांना सारखीच वाजते आणि तीळ सगळ्यांच्याच शेतात पिकतो. बऱ्याच घरांनी आता ‘तिळगूळ समारंभ’ म्हणून बायका-पुरुष सगळ्यांना बोलवायला सुरुवात केली आहे. तेच बरोबर. पहिला तिळगूळ घरातल्या सर्वांत थोरल्या व्यक्तीच्या हातावर ठेवावा, मग ती कोणीही असो.

वाण म्हणजे मुळात सुगडातला मळ्याचा माल : ऊस, बोर, गाजर, घाटा, गव्हाची ओंबी. पुढे त्याचे करंडे झाले, वाट्या झाल्या आणि मग प्लास्टिकचे डबे. ते डबे एका घरून दुसऱ्या घरी फिरत राहतात आणि वर्षाने कधी कधी मूळ मालकिणीकडेच परत येतात. त्यापेक्षा इथलं काही द्यावं. गुळेदगुड्डच्या खणाची छोटी पिशवी, त्यात घरची शेंगाचटणी. ब्याडगी मिरचीची पुडी. कसूतीचा एखादा टाका भरलेली पुस्तकाची खूण. किंवा दोन धारवाडी पेढे. हा पेढा एकोणिसाव्या शतकात उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आलेल्या ठाकूर कुटुंबाने धारवाडात रुजवला. खवा तांबूस होईपर्यंत परतून, वरून पिठीसाखरेत घोळवलेला. बाहेरून आलेला पदार्थ गावाचं नाव कसा घेतो, याचा तो चालताबोलता पुरावा.

संध्याकाळ कशी मांडावी

पाचला दार उघडावं, तेव्हा अजून ऊन असतं. येणाऱ्याला दारातच हलवा द्यावा. साडेपाचला बोरन्हाण, कारण सात वाजता मूल झोपेला येतं. मग गिरमिट, परातीभोवतीची बैठक, दागिन्यांचे फोटो. साडेसातला पान. जेवणानंतर थोडं गाणं. गंगूबाई हनगल, मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी या परिसराचे असताना गाण्यासाठी दूर जायला नको, कुणी गाणारं नसेल तर रेकॉर्ड लावावी. बेंद्र्यांचा जन्मदिवस ३१ जानेवारी, म्हणजे बहुतेक वर्षी याच दिवसांत. घरातल्या एखाद्याने त्यांची एक कन्नड कविता आणि दुसऱ्याने जी.एं.च्या कथेतलं एखादं पान वाचावं. ज्याला जी भाषा कमी येते त्याने तीच वाचावी, म्हणजे हसू आणि शिकणं दोन्ही होतं.

खर्चाचा अंदाज मांडला तर लक्षात येईल की यात सजावटीच्या दुकानातून आणावं असं काहीच नाही. उसाचे दोन दांडे दाराला, सुगडं कोनाड्यात, काळे कपडे कपाटातच. पैसे जातात ते हलव्यावर आणि गुळावर. वेळ मात्र आधीपासून द्यावा लागतो. डिसेंबर संपता संपता आमंत्रण जावं, म्हणजे बाहेरगावच्यांची तिकिटं निघतात. दागिन्यांची मागणी महिनाभर आधी नोंदवावी, रोट्ट्या चार दिवस आधी व्हाव्यात, शेंगापोळ्या दोन दिवस आधी. परात आणि पाक त्या दिवशी सकाळी. २०२७ साली संक्रांत आणि रथसप्तमी यांच्यात पुन्हा महिनाभराची सवड आहे. तेवढ्यात हुबळीचे आणि धारवाडचे नातेवाईक एका रविवारी एका घरात जमवता आले नाहीत, तर दोष पंचांगाला देता येणार नाही.